कोर्लईचं क्रियापद आणि माझा खोडलेला प्रश्न

पेणहून रोह्याला जाताना गाडीत मी स्पॅनिशची क्रियापदं पाठ करायचे. आब्लार, कोमेर, बिबीर. म्हणजे -आर, -एर, -ईर असे तीन गट, आणि प्रत्येक काळात मी-तू-तो-आम्ही-तुम्ही-ते अशी सहा रूपं. तेव्हाच कळलं, रोह्याची कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, त्या कोर्लईत ख्रिस्ती कुटुंबं पोर्तुगीजमधून निघालेली बोली बोलतात. पोर्तुगीज म्हणजे स्पॅनिशची सख्खी बहीण; तिच्यातही तेच तीन गट. पोर्तुगीज सत्ता १७४० मध्ये गेली, बोली राहिली.

मी लगेच वहीत संशोधनाचा प्रश्न लिहिला: ‘कोर्लईत कोणती रूपं गळाली?’

जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचं ‘द जेनेसिस ऑफ अ लँग्वेज’ (१९९६) वाचल्यावर तो खोडावा लागला. गळालंय हे खरंच. कर्ता कुणीही असो, क्रियापदाचं रूप तेच. पण तीन गट शाबूत आहेत, आणि भूतकाळ प्रत्ययात जिवंत आहे: पोर्तुगीज ‘कांतोउ’ (गायला) इथे ‘कांतो’, ‘बेबेउ’ (प्यायला) इथे ‘बेबेव’. दोन भाषांच्या संपर्कातून जन्मलेली भाषा प्रत्यय टाकून देते, असं प्राथमिक पुस्तकं सरसकट सांगतात, त्यात हे बसत नाही. त्याहून मजा म्हणजे मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी चौथा गट तयार झालाय, उ-कारान्त. आपलं ‘लोटणे’ तिथे ‘लोटू’. हा गट लिस्बनला मिळणार नाही! माझ्या प्रश्नात तो दिसलाच नसता, कारण मी फक्त वजाबाकी मांडली होती. ‘मोडकी पोर्तुगीज’ म्हणणारे हेच करतात, मीही तेच करत होते.

पुस्तकाबद्दल तक्रारही आहे. शीर्षक उगमाचं आहे, पण सोळाव्या शतकातलं कोर्लईचं बोलणं कुणी टेप केलेलं नाही. आजच्या बोलीवरून मागे जात काढलेले ते अंदाज आहेत, भक्कम असले तरी. तुम्ही वाचाल तेव्हा प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहा: हे ऐकलेलं की अनुमान? मी पहिल्या वाचनात लिहिलं नाही, मग अख्खं पुस्तक पुन्हा वाचावं लागलं.

वहीत आता नवा प्रश्न आहे: नवीन मराठी क्रियापद कानावर पडलं की ते उ-गटातच का जातं, जुन्या तिनांपैकी एकात का नाही?