ग्लेंडोनाइट : आकाराची साक्ष आणि अन्वयार्थाच्या मर्यादा

बीजसंज्ञा : गाळाचे खडक, छद्मरूप, इकाइट, ग्लेंडोनाइट, पुराहवामान

प्रास्ताविक

गाळाच्या खडकांत आढळणाऱ्या काही दुर्मीळ स्फटिकांचे वैशिष्ट्य असे की, त्यांचा आकार एका खनिजाचा असतो आणि त्यांतील द्रव्य दुसऱ्याच खनिजाचे असते. मूळ खनिज नाहीसे होते, पण त्याने सोडलेली जागा दुसरे खनिज व्यापते. अशा स्फटिकास 'छद्मरूप' म्हटले जाते. सापाने टाकलेल्या कातीवरून सापाची जात ठरवावी, तसे छद्मरूपाचे वाचन असते. ग्लेंडोनाइट हे याचे बोलके उदाहरण होय. टोकदार, अनेकदा ताऱ्यासारखे जुळलेले हे स्फटिक आज कॅल्साइटचे असतात. मात्र कॅल्साइट कधीही तो आकार स्वतः धारण करीत नाही. या आकाराचा अर्थ अभ्यासकांनी कसकसा लावला आणि त्यावरून प्राचीन हवामानाविषयी काढलेले निष्कर्ष कितपत ग्राह्य आहेत, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एकाच आकाराची अनेक नावे

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात, हंटर नदीच्या खोऱ्यातील ग्लेंडन या स्थळावरून या छद्मरूपास ग्लेंडोनाइट हे नाव मिळाले. एजवर्थ डेव्हिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०५ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले व मूळ खनिज ग्लॉबेराइट असावे असे मत मांडले. इंग्लंडमध्ये टाइन नदीच्या मुखाजवळील जॅरो येथील अशाच स्फटिकांना जॅरोआइट म्हटले गेले. जर्मन भाषेत त्यांना जवाचे दाणे, तर जपानी भाषेत हातोडीचा दगड अशा अर्थाची नावे मिळाली. अमेरिकेतील नेव्हाडा येथील लाहॉन्टन या प्राचीन सरोवराच्या निक्षेपांत आढळलेल्या स्फटिकांना थिनोलाइट हे नाव देणाऱ्या क्लॅरेन्स किंग यांनी त्यांचे मूळ गे-लुसाइट मानले होते.

नावे स्थळावरून किंवा दिसण्यावरून पडली, यात गैर काही नाही. परंतु प्रत्येक नावाबरोबर एक स्वतंत्र कोडे तयार झाले आणि ही सर्व कोडी मुळात एकच असू शकतात, हा विचार दीर्घकाळ मागे पडला.

येथे एडवर्ड डेना यांच्या १८८४ मधील थिनोलाइटविषयक अभ्यासाचा आवर्जून उल्लेख करावा लागतो. स्फटिकांच्या कोनांची मोजमापे घेऊन त्यांनी गे-लुसाइटची शक्यता फेटाळली. मूळ खनिज चतुष्कोणीय प्रणालीचे असावे हा त्यांचा तर्क पुढे टिकला नाही. पण ते कोणत्याही परिचित खनिजाशी जुळत नाही, ही त्यांची कबुली मात्र खरी ठरली. समीक्षेच्या दृष्टीने पाहता, घाईने दिलेल्या उत्तरापेक्षा प्रामाणिकपणे खुला ठेवलेला प्रश्न अधिक मोलाचा ठरतो, याचे हे उदाहरण आहे.

हरवलेल्या खनिजाचे स्वरूप

सहा जलरेणू असलेले कॅल्शियम कार्बोनेट प्रयोगशाळेत १८६५ पासून ज्ञात होते. निसर्गात मात्र ते १९६३ मध्ये हान्स पॉली यांना ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील इक्का फ्योर्डमध्ये, पाण्याखालील उंच स्तंभांच्या रूपात आढळले आणि त्यास इकाइट हे नाव मिळाले. हे खनिज एकनताक्ष प्रणालीत स्फटिकीभूत होते. त्याच्या संरचनेत कॅल्शियम व कार्बोनेट यांची जोडी जलरेणूंच्या वेढ्यात असते. पाण्याबाहेर काढून उबेत ठेवल्यास त्याचा थोड्याच वेळात कॅल्साइट व पाणी यांचा लगदा होतो.

या बदलाचे गणित उद्बोधक आहे. २०८ ग्रॅम इकाइटपासून सुमारे १०० ग्रॅम कॅल्साइट व १०८ ग्रॅम पाणी मिळते. इकाइटचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.८, तर कॅल्साइटचे २.७१ आहे. परिणामी मूळ स्फटिकाच्या घनफळापैकी जेमतेम एकतृतीयांश भाग नवे कॅल्साइट व्यापते आणि उरलेली पोकळी पुढे अन्य कॅल्साइटने भरते. ग्लेंडोनाइटच्या अंतर्भागातील सच्छिद्र, थराथरांची रचना यामुळेच उद्भवते.

१९८२ मध्ये अंटार्क्टिकाजवळील ब्रॅन्सफील्ड सामुद्रधुनीच्या तळावरील चिखलात इकाइटचे स्फटिक सापडल्याचे प्रसिद्ध झाले. त्यानंतर शिअरमन व स्मिथ यांनी १९८५ मध्ये जॅरोआइटसदृश छद्मरूपांचे मूळ इकाइट असल्याचे दाखवले. १९८९ मध्ये थिनोलाइटचाही उलगडा झाला. हे उत्तर मिळण्यास इतका विलंब का लागला? खनिजविज्ञानाची परंपरा संग्रहालयाच्या कपाटात टिकणाऱ्या नमुन्यांवर उभी राहिली. जे सामान्य तापमानाला टिकत नाही, ते संग्रहात आले नाही. आणि जे संग्रहात नव्हते, ते अनुमानाच्या कक्षेतही आले नाही.

अन्वयार्थ बदलला, हवामान बदलले

मूळ खनिजाची ओळख हा केवळ नामकरणाचा प्रश्न नाही. ग्लॉबेराइट हे खारे पाणी आटून तयार होणारे खनिज आहे. गे-लुसाइटचेही असेच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या गाळात गे-लुसाइटचे स्फटिक प्रत्यक्ष मिळाले असून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांवरून होलोसीन काळातील कोरड्या कालखंडांचे अनुमान केले आहे. लोणारला खनिज स्वतः साक्षीला उभे आहे. थिनोलाइटच्या बाबतीत मात्र केवळ आकार शिल्लक होता. त्या आकारात गे-लुसाइट वाचल्यास खारट, आटणारे सरोवर दिसते. इकाइट वाचल्यास थंड पाणी दिसते.

इकाइटची ओळख पटल्यावर 'जेथे ग्लेंडोनाइट, तेथे थंडी' हे समीकरण रूढ झाले. निसर्गातील इकाइट बहुतांशी ७° से. पेक्षा थंड पाण्यात आढळते, ही त्यामागील भूमिका. हंटर खोऱ्यातील पर्मियन थरांत हिमाने वाहून आणलेले दगडही असल्याने तेथे हे समीकरण पटते. परंतु क्रिटेशस व इओसीन यांसारख्या उष्ण मानल्या जाणाऱ्या काळातील थरांतही ग्लेंडोनाइट मिळते. तेथे केवळ या स्फटिकावरून थंडी सिद्ध मानणे म्हणजे जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरणे होय.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेले दोन अभ्यास या संदर्भात शेजारी ठेवून वाचावे लागतात. एका अभ्यासात प्रयोगशाळेत ३५° से. तापमानालाही इकाइट निर्माण झाल्याचे दिसले. दुसऱ्यात डेन्मार्कमधील आरंभिक इओसीन काळातील ग्लेंडोनाइटांच्या समस्थानिकांवरून ५° से. पेक्षा कमी तापमान मिळाले. हे निष्कर्ष परस्परांना खोडतात असे वरवर वाटते. वस्तुतः ते वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिला इकाइट जन्मू शकते काय, हे सांगतो. दुसरा विशिष्ट स्थळी ते कोणत्या पाण्यात वाढले, हे सांगतो. कॅल्साइटच्या निर्मितीस अडथळा आणणारे फॉस्फेट व मॅग्नेशियम यांचे प्रमाणही तापमानाइतकेच निर्णायक असते. शिवाय क्षणिक जन्म आणि चिखलात मोठा स्फटिक होईपर्यंत टिकून राहणे, यांत अंतर आहे.

समारोप

आकारावरून खनिज, खनिजावरून पाण्याचे रसायन आणि रसायनावरून तापमान अशा तीन पायऱ्यांनी ग्लेंडोनाइटचे वाचन होते. पहिली पायरी आज भक्कम आहे. पुढील दोन प्रत्येक स्थळी नव्याने तपासाव्या लागतात. म्हणून ग्लेंडोनाइट हा थंडीचा निर्विवाद पुरावा म्हणून अध्यापनात मांडणे योग्य नाही; समस्थानिके व हिमवाहित दगड यांसारख्या स्वतंत्र पुराव्यांच्या जोडीनेच त्यास वजन द्यावे. आशय निघून गेल्यावर उरलेला आकार खोटे बोलत नाही. परंतु त्याला जे विचारलेच नाही, त्याचे उत्तर त्याच्या तोंडी घालण्याचा मोह अभ्यासकाने टाळला पाहिजे. ही दक्षता खडकांच्या अभ्यासकाइतकीच शिलालेख, हस्तलिखिते वा साहित्यकृती वाचणाऱ्यालाही आवश्यक आहे.