बरवे, प्रभाकर

(१६ मार्च १९३६ – ६ डिसेंबर १९९५). आधुनिक भारतीय चित्रकार व कलाविषयक लेखक. जन्म नागाव (ता. अलिबाग, जि. रायगड, १९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) येथे. या जिल्ह्याची कलापरंपरा मुख्यतः मूर्तिकारांची. पेणच्या मातीच्या गणेशमूर्ती सर्वश्रुत आहेत. सासवण्याचे ख्यातनाम शिल्पकार ⇨ विनायक पांडुरंग करमरकर हे तर बरवे यांच्या नात्यातीलच. बरवे मात्र चित्रकलेकडे वळले. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९५४–५९ या काळात त्यांचे शिक्षण झाले. पाउल क्ले याच्या चित्रांचा त्यांच्यावर या सुमारास प्रभाव पडला. १९६१ मध्ये ते विणकर सेवा केंद्रात दाखल झाले व काही वर्षे वाराणसी येथे होते. तेथे तंत्रमार्गातील आकृतींशी त्यांचा परिचय झाला आणि त्यांच्या चित्रांत भौमितिक व प्रतीकात्मक आकार आले. किंग अँड क्वीन ऑफ स्पेड्स (१९६७) हे या कालखंडातील चित्र. याच चित्रांमुळे ‘तांत्रिक चित्रकार’ अशी त्यांची ओळख झाली व ती पुढे दीर्घकाळ टिकून राहिली. ती अपुरी आहे. १९७० नंतरची त्यांची चित्रे पाहता, त्यांचा खरा विषय वस्तू हा होता, असेच म्हणावे लागते.

पान, फळ, शिंपला, टाचणी, घड्याळ अशा नित्याच्या वस्तू या चित्रांतून पुनःपुन्हा येतात. त्या दृष्टीने त्यांचे नाते स्थिरचित्रणाशी जोडता येते. या चित्रप्रकाराला नाव दिले ते सतराव्या शतकातील डचांनी. हार्लेम येथील पीटर क्लास व व्हिलेम हेडा यांनी करडा, तपकिरी व हिरवट अशा मोजक्या छटांत मेजावरील पेले, ताटे, पाव आणि सोललेले लिंबू रंगविले. क्लासच्या १६३० मधील एका प्रसिद्ध चित्रात कवटीजवळ घड्याळ ठेवलेले असून काचेचा पेला कलंडलेला आहे. आयुष्य सरत चालले आहे, हा बोध प्रेक्षकाने घ्यावा अशी त्यामागे अपेक्षा असते. वस्तू तेथे अर्थाचे वाहन होते. परंतु ती मेजावर टेकलेली असते, तिला वजन असते व एका बाजूने येणारा प्रकाश सर्व वस्तूंना एकत्र बांधतो.

बरवे यांनी हे मेजच काढून घेतले. त्यांच्या चित्रांतील वस्तू कशावर ठेवलेल्या नसतात. त्या एका विस्तीर्ण, शांत अवकाशात परस्परांपासून अंतर राखून असतात. पान आणि घड्याळ यांचे प्रमाण व्यवहारातले राहत नाही. क्लासचे घड्याळ काळाविषयी बजावून सांगते. बरवे यांचे घड्याळ काहीच बजावत नाही. ते शेजारच्या पानाइतकेच एक आकार असते आणि त्या दोहोंमधील रिकाम्या जागेकडे पाहणाऱ्याचे लक्ष जाते. ही जागा म्हणजे मागची पार्श्वभूमी नव्हे. चित्राचा आशय बहुतांशी तेथेच घडतो. म्हणूनच वस्तूंच्या अनपेक्षित सान्निध्यावरून त्यांना अतिवास्तववादी ठरविणेही योग्य नाही. अतिवास्तववादी चित्रकाराला विसंगतीचा धक्का द्यावयाचा असतो. बरवे यांच्या चित्रांत धक्का जवळजवळ नाहीच.

माध्यमाचाही यात वाटा आहे. तैलरंगांऐवजी त्यांनी बहुधा एनॅमल रंग वापरले. दारे-खिडक्या रंगविण्याचा हा रंग कलाशाळांत प्रतिष्ठित नव्हता. पण तो सपाट पसरतो व कुंचल्याच्या खुणा फारशा ठेवीत नाही. त्यामुळे चित्रकाराचा हात नजरेआड होऊन वस्तू व अवकाश यांनाच प्राधान्य मिळते. डच चित्रकारांनी तैलरंगांवरील प्रभुत्वाने जो परिणाम साधला, तो येथे जवळजवळ उलट मार्गाने साधला आहे.

१९७६ मध्ये ब्लू क्लाउड या चित्रास ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. कोरा कॅनव्हास (१९९०) हा त्यांचा मराठी ग्रंथ. कोऱ्या पृष्ठभागापुढे बसलेल्या चित्रकाराच्या मनात आकार कसा जुळून येतो, याची त्यात त्यांनी बारकाईने चिकित्सा केली आहे. मराठीत चित्रकारांची चरित्रे व आठवणी आढळतात. स्वतःच्या निर्मितिप्रक्रियेचे चित्रकाराने केलेले असे विवेचन विरळाच. तथापि हा चिंतनशील स्वभाव त्यांच्या चित्रांना क्वचित बाधकही ठरला आहे. काही चित्रांत वस्तूंची मांडणी आधीच ठरविलेल्या सिद्धांताचे उदाहरण वाटते व पानाचे पानपण मागे पडते. जेथे वस्तूविषयीचे कुतूहल शिल्लक राहते, तेथे मात्र त्यांची बरोबरी करणारे समकालीन भारतीय चित्रकार थोडेच आहेत.

त्यांनी अनेक वर्षे रेखाटने व टिपणे यांच्या वह्या ठेवल्या होत्या. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ मध्ये भरलेल्या त्यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनात चित्रांबरोबर या वह्याही मांडण्यात आल्या होत्या.