दिव्याआतले दव आणि सिलिकॉनची ट्यूब

पावसाळ्याचे पहिले पंधरा दिवस उलटले की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते: "हेडलाइटमध्ये पाणी शिरले." तक्रार करणाऱ्याने बहुधा दोन-चार महिन्यांपूर्वीच दिव्यात काही फेरफार करून घेतलेला असतो. मूळचा हॅलोजन बल्ब काढून त्या जागी एलईडी बसवलेला असतो, किंवा दिव्याची काच उघडून आत प्रोजेक्टर अथवा उजळणारी कडी घातलेली असते. मेस्त्री दिवा हातात घेऊन फिरवून पाहतात आणि सिलिकॉनची ट्यूब मागवतात. जिथे जिथे सांध दिसेल तिथे तिथे ती लिंपली जाते. आठ दिवसांनी काचेवर पुन्हा धुके येते. मग पुन्हा सिलिकॉन, या वेळी आणखी जाड थर. अखेर दिव्याच्या तळाशी चमचाभर पाणी हेलकावू लागते आणि गिऱ्हाईक व मेस्त्री दोघेही एकमेकांना दोष देतात.

या उपायाचे परीक्षण विज्ञानशिक्षकांच्या मासिकात कशाला, असे कोणी विचारील. पण येथे चूक हाताची नाही, समजुतीची आहे. 'पाणी आत येते, म्हणजे कुठेतरी भोक आहे. भोके बुजवली की काम झाले' हे तर्कशास्त्र वरवर निर्दोष दिसते. ते मेस्त्रींचेच आहे असेही नाही. दहावीला विज्ञानात उत्तम गुण मिळवलेला विद्यार्थीही हेच सांगतो. आणि रात्री घाटात समोरून येणाऱ्या वाहनाच्या डोळ्यांवर धुकटलेल्या दिव्याचा प्रकाश विखरून पडतो, तेव्हा या समजुतीची किंमत भलतेच कोणी मोजत असते.

ही समजूत आली कुठून, याला थोडा इतिहास आहे. अमेरिकेत १९४० सालच्या मोटारींपासून 'सील्ड बीम' पद्धतीचे दिवे रूढ झाले. त्यांत तंतू, परावर्तक आणि पुढची काच मिळून एकच बंद घटक असे. पुढे त्याचे सर्वस्वी काचेचे रूप सर्वत्र पसरले. तो दिवा म्हणजे एक मोठा बल्बच. आत निष्क्रिय वायू, बाहेर हवा, आणि मधे जाड काच. तापल्यावर आतला दाब वाढला तरी काच तो सोसत असे. तंतू तुटला की अख्खा दिवा फेकायचा. 'चांगला दिवा तो बंद दिवा' हे त्या दिव्यापुरते खरेच होते. पण आजच्या दिव्यात बल्ब स्वतंत्र असतो, मागून काढता-घालता येतो. पुढची 'काच' पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची असते आणि ती प्लॅस्टिकच्याच पेटीला ब्युटाइल रबराच्या लुकणीने चिकटवलेली असते. अशी पेटी पूर्ण बंद करता येत नाही. आणि करूही नये. कारखान्यातून येतानाच तिच्या मागील बाजूस एक-दोन श्वासमार्ग ठेवलेले असतात. कधी ती खाली वाकवलेली रबरी नळी असते, कधी स्पंजाचा तुकडा, तर कधी टेफ्लॉन ताणून केलेले पातळ पापुद्र्यासारखे पटल. या पटलाची छिद्रे इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब त्यातून जाऊ शकत नाही, बाष्पाचे रेणू मात्र खुशाल ये-जा करतात. मेस्त्री मोठ्या मेहनतीने लिंपतात त्या 'भोकां'त पुष्कळदा हेच श्वासमार्ग असतात.

आता थोडा हिशेब करू. एका मध्यम आकाराच्या दिव्यात ५ लिटर हवा मावते असे धरा. ३० अंश सेल्सिअसला बाष्पाने संपृक्त असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी असते. म्हणजे आपल्या ५ लिटरांत ०.१५ ग्रॅम. सुमारे वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर हे झाले तीन थेंब! रात्री पाऊस पडून काच २० अंशांपर्यंत थंड झाली, तर त्या तापमानाला एक घनमीटर हवा सुमारे १७ ग्रॅमच बाष्प बाळगू शकते. म्हणून जास्तीत जास्त ०.०६५ ग्रॅम, म्हणजे एखाद-दुसरा थेंब काचेवर उतरेल. पण हा थेंब ६०० चौरस सेंटिमीटरच्या काचेवर पसरला तर त्याची सरासरी जाडी एक मायक्रोमीटरच्या आसपास भरते, आणि काच पार धुरकट दिसायला तेवढे पुरते. गिऱ्हाइकाला वाटते दिवा पाण्याने भरला. प्रत्यक्षात एक थेंब पसरलेला असतो.

हा हिशेब केला की निदानाचे अर्धे काम होते. पहाटे आलेले आणि दिवा लावून थोडा वेळ गाडी चालवल्यावर विरणारे पातळ धुके हा रोग नव्हे. काही मोटारींच्या माहितीपुस्तिकांतही असे तात्पुरते धुके स्वाभाविक असल्याचे लिहिलेले असते. याउलट काचेवरून ओघळ आलेले असतील, तळाशी चमचाभर पाणी असेल, तर ते कोंडलेल्या हवेतून आलेले असणे शक्य नाही. एका चमच्यात ५ ग्रॅम पाणी. हवेच्या हिशेबात ते कुठेच बसत नाही. तेथे खरी गळती आहे. दव आणि गळती हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि सिलिकॉनची ट्यूब दोघांना एकच उत्तर देते, हा तिच्यावरचा माझा पहिला आक्षेप.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लिंपल्याने गळती वाढू शकते. दिवा लागला की आतली हवा तापते. गणितापुरते २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेली असे समजू. निरपेक्ष तापमान २९८ वरून ३३८ झाले. दाब तोच ठेवायचा तर हवा सुमारे १३ टक्क्यांनी प्रसरण पावणार. म्हणजे ५ लिटरांतील सहाशे-साडेसहाशे मिलिलिटर हवा बाहेर जाणार. श्वासमार्ग बुजवले असले तरी ती कुठल्यातरी कच्च्या सांध्यातून वाट काढतेच. मग गाडी पाण्याच्या डबक्यातून जाते, गरम दिव्यावर थंड पाणी उडते आणि हवा झपाट्याने आकुंचन पावते. श्वासमार्ग मोकळा असता तर गेली तेवढी हवा परत आली असती. तो बंद असेल तर आतील दाब बाहेरच्यापेक्षा १२ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. हा फरक जवळजवळ सव्वा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका आहे! ६०० चौरस सेंटिमीटरच्या काचेवर त्याचे बल सत्तर किलोग्रॅम वजनाइतके होते. अर्थात इतका फरक टिकण्याआधीच कुठूनतरी काहीतरी आत ओढले जाते. ज्या कच्च्या सांध्यातून हवा निसटली तो या वेळी पाण्याखाली असतो, तेव्हा त्यातून हवा नव्हे, पाणी येते. अशा दिव्यात पाणी 'शिरत' नाही. दिवा ते पितो.

मागून घेतलेल्या तारांचेही असेच. कडीच्या दिव्यासाठी पेटीला भोक पाडून बहुपदरी तार आत नेतात आणि तारेभोवती छान सिलिकॉन भरतात. पण तारेच्या आवरणाच्या आत तांब्याच्या बारीक पदरांमध्ये केशनलिका असतातच. बाहेरचा जोड उघडा राहून भिजला तर पाणी तारेच्या पोटातून दिव्यात जाते. तारेला प्रवेशाआधी खाली झोल दिला, तर तिच्या अंगावरून ओघळणारे पाणी झोलाच्या टोकाशी गळून पडते, आणि जोड नीट बंद केला की पोटातले येणेही थांबते. दोन मिनिटांचे काम; पण ते केलेले क्वचितच पाहायला मिळते.

एलईडीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'आयपी ६७' छापलेले असते. ग्राहक ते वाचून निर्धास्त होतो. त्यातील ६ म्हणजे धूळ आत जात नाही, आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवले तरी अपायकारक प्रमाणात पाणी शिरत नाही. पण ही हमी त्या बल्बची आहे, तो ज्या पेटीत बसवला त्या पेटीची नाही. शिवाय या चाचणीत पाण्याचे आणि वस्तूचे तापमान यांत पाच अंशांहून अधिक फरक नसावा अशी अट असते. म्हणजे तापलेल्या दिव्यावर गार पाणी पडून जे शोषण होते, ते या चाचणीत येतच नाही. छापलेला आकडा खोटा नाही. तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

एलईडीमुळे आणखी एक गोष्ट घडते, आणि ती मला सर्वांत मनोरंजक वाटते. एच४ जातीचा हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा. त्याच्या ऊर्जेचा बराच मोठा भाग अवरक्त किरणांच्या रूपाने पुढे जातो आणि काच ऊबदार ठेवतो. सकाळचे दव त्या उबेनेच विरत असे. एलईडी कमी वॅट घेतो, त्याच्या प्रकाशझोतात अवरक्त भाग नगण्य असतो आणि त्याची उष्णता मागच्या पंख्याकडे व धातूच्या पात्यांकडे जाते. मागची बाजू गरम, पुढची काच गार! दवाला याहून चांगली जागा कोणती? त्यातच हा पंखा मावावा म्हणून मागच्या रबरी टोपीचे भोक कापून मोठे केलेले असते. मूळ दिव्याची टोपी बल्बच्या गळ्याला घट्ट बसत होती, आता ती नुसती लटकते. तेव्हा तक्रार बदलानंतरच सुरू होते, हे गिऱ्हाइकाचे निरीक्षण अचूक आहे. चुकते ते स्पष्टीकरण. (मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, हेही जाता जाता सांगायला हवे.)

बाकीचे प्रचलित उपाय पाहू. हेअर ड्रायरने दिवा वाळवणे ठीक आहे, पण ते पुसण्यासारखे झाले. नळ चालू ठेवून फरशी पुसावी तसे. सिलिका जेलच्या पुड्या थोडे दिवस काम करतात, मग संपृक्त होतात. आणि दिवा तापला की शोषलेल्या पाण्यातील काही परत देतात. तळाशी भोक पाडण्याच्या उपायात मात्र तथ्य आहे, कारण त्याने पाणी निचरते आणि दाबही सारखा होतो. अडचण ही की त्याच भोकातून चाकाने उडवलेला चिखल आणि धूळ आत जाते. पाडायचेच तर त्यावर पटल किंवा खाली वाकवलेली नळी हवी; म्हणजे कारखान्याने दिले होते तेच पुन्हा करणे आले. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन दिव्यात वापरूच नये. सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल बाहेर पडते आणि परावर्तकावरील ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर त्याने खराब होतो. तो थर फडक्याने पुसूनही निघतो, म्हणून आत बोट घालण्याचा मोहही टाळावा.

मग योग्य दुरुस्ती कोणती? आधी श्वासमार्ग शोधून मोकळे करावेत. दिवा पूर्ण वाळवावा. सांध्यांवर साबणाचा फेस लावून श्वासनळीतून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा द्यावी. जेथे बुडबुडे येतील तेथेच गळती. काच पूर्वी उघडलेली असेल तर दोष बहुधा लुकणीत सापडतो. जुनी लुकण पुरती खरवडलेली नसते, तिच्यात धूळ असते, किंवा एखादी पकड नीट बसलेली नसते. ती पुन्हा ऊब देऊन उघडावी, खाच साफ करावी आणि नवी लुकण सलग भरावी. मागे पुरेशा खोलीची टोपी बसवावी. यात सिलिकॉनला फारसे काम उरत नाही.

आता आपल्या वर्गाकडे वळू. थंड पाण्याच्या पेल्याबाहेर थेंब का जमतात, हा प्रश्न आपण वर्षानुवर्षे विचारतो आणि विद्यार्थी पाठ केलेले उत्तर लिहितात. बाष्पाचा धडा एका इयत्तेत, वायूंचे नियम दुसऱ्या इयत्तेत, केशाकर्षण आणखी कुठेतरी. तीनही एका वस्तूत एकाच वेळी घडतात हे दाखवणारे उदाहरण क्वचितच येते. पेल्याच्या उदाहरणात एक उणीवही आहे. तेथे दव नेहमी बाहेर दिसते, त्यामुळे ते आत दिसले की मुलांना ते 'शिरलेले पाणी' वाटते. थंड बाजू कोणती आणि दमट हवा कोणत्या बाजूला, हा प्रश्न विचारायची सवयच लागत नाही.

यासाठी एक प्रयोग करून पाहावा. अर्धा लिटरची जाड काचेची बाटली घ्या. तिच्या घट्ट बुचात बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलच्या नळ्या दोन बसवा आणि भोवती मेण लावा. पहिल्या नळीला जोडलेली लवचिक नळी रंगीत पाण्याच्या भांड्यात सोडा. दुसरीचे तोंड मेणाने बंद करा. बाटलीवर गरम, पण उकळते नव्हे, असे पाणी ओता. भांड्यात बुडबुडे येतील: दिवा श्वास सोडतो आहे. बुडबुडे थांबले की बाटलीभोवती ओले फडके गुंडाळा. रंगीत पाणी नळीतून चढून बाटलीत पडू लागेल. आतली हवा ५५ अंशांपर्यंत तापून २५ अंशांवर आली असेल तर चाळीस-पंचेचाळीस मिलिलिटर पाणी जमते. मुलांना ते मोजू द्या आणि गणिताशी ताडून पाहू द्या. नंतर बाटली रिकामी करून सारे पुन्हा करा, मात्र ओले फडके गुंडाळण्याआधी दुसऱ्या नळीचे मेण काढून टाका. या वेळी बाटली तेवढीच गार होते, पण रंगीत पाणी भांड्यातच राहते. मग वर्गातील कोणीतरी विचारील की त्या उघड्या नळीच्या तोंडाशी कापसाचा बोळा लावला तर काय होईल. बोळा कोरडा असताना एकदा आणि भिजवून एकदा, असे दोन्ही करून पाहावे.