अग्रहारातले गाढव : मान आणि मौन

कलाकृतीवर बंदी घालणाऱ्यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. बंदीचा हुकूम न काढताही कलाकृती लोकांच्या दृष्टीआड कशी होते, याचा विचार मात्र क्वचित होतो. चेन्नईत नोकरीनिमित्त वास्तव्य करणाऱ्या आमच्या वाचकांपुढे म्हणूनच एका तमिळ चित्रपटाची कथा आम्ही मांडू इच्छितो. दिग्दर्शक जॉन अब्राहम यांचा ‘अग्रहारत्तिल् कळुदै’, म्हणजे ‘अग्रहारातले गाढव’, हा तो १९७७ सालचा चित्रपट होय. पटकथा तमिळ समीक्षक वेंकट स्वामिनाथन यांची.

अब्राहम मूळचे केरळचे. पण त्यांचे चित्रपटशिक्षण आपल्या पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारातील संस्थेत, ऋत्विक घटकांसारख्या गुरूच्या सहवासात झाले. याच प्रभातला १९३५ साली ‘महात्मा’ हे नाव परकीय सरकारमुळे सोडून एकनाथांवरील आपला चित्रपट ‘धर्मात्मा’ या नावाने काढावा लागला होता. त्या एकनाथांकडे आम्ही पुढे वळणारच आहोत.

कथानक साधे आहे. मद्रासमधील नारायणस्वामी नावाच्या प्राध्यापकाकडे गाढवाचे एक पोरके पिल्लू येते. सहकारी त्यांची टर उडवतात, तेव्हा ते पिल्लाला आपल्या गावी, ब्राह्मणआळीत, नेऊन ठेवतात व उमा या मुक्या मुलीकडे त्याची देखभाल सोपवतात. गावात काही विपरीत घडले की बोल गाढवाला. पुढे उमेचे मृत अर्भक देवळापाशी सापडते. त्याचाही दोष गाढवावर येतो आणि गावकरी त्याला ठार करतात. मग चमत्कारांच्या वार्ता उठतात, आणि ज्यांनी मारले तेच त्याचे देऊळ बांधायला निघतात. शेवटी आग भडकते आणि तीत प्राध्यापक व उमा यांच्याखेरीज सारे भस्मसात होते.

फ्रेंच दिग्दर्शक रॉबेर ब्रेसाँ यांच्या १९६६ सालच्या एका विख्यात चित्रपटातही गाढवच केंद्रस्थानी आहे. ते मुकाट्याने सोसते आणि मुकाट्याने मरते. अब्राहम यांचे गाढव मेल्यावर देव होते, आणि येथेच हा चित्रपट अस्सल भारतीय ठरतो. रामेश्वरी न्यावयाचे गंगाजल एकनाथांनी तहानलेल्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा आपण भक्तिभावाने सांगतो. पण आज एखादा शेजारी खरेच गाढव घरी घेऊन आला, तर आपल्या आळीत त्याचे स्वागत कसे होईल? प्राध्यापकाची भूमिका संगीतकार एम. बी. श्रीनिवासन यांनी केली आहे, आणि या पात्राच्या द्वारे दिग्दर्शक नेमका हाच प्रश्न विचारतात.

दोषही सांगितले पाहिजेत. गावकरी एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटतात. शेवटची आग, जो निवाडा पात्रांनी करावयाचा तो त्यांच्या हातून काढून घेते. तथापि, मारून पूजण्याची आपली रीत इतक्या निर्भयपणे दाखविणारे चित्रपट थोडेच.

आता त्याचे पुढे काय झाले ते पाहू. परिनिरीक्षण मंडळाने तो अडविला नाही. उलट त्या वर्षीच्या उत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. परंतु १९८९ साली दूरदर्शनने त्याचे प्रक्षेपण जाहीर केले आणि नंतर रद्द केले. शासनाने एका हाताने मान दिला व दुसऱ्या हाताने पडदा ओढला.

साम्यवादी हंगेरीची येथे आठवण होते. तेथे कादार यांच्या राजवटीत कलेची तीन खात्यांत वाटणी असे: पाठबळ, मुभा आणि मनाई. १९५९ साली स्थापन झालेल्या बेला बालाझ स्टुडिओत तरुण दिग्दर्शकांना सरकारी पैशाने प्रयोग करता येत. मात्र तयार झालेला चित्रपट लोकांना दिसेलच, अशी हमी नसे. पेटर बाचो यांचा ‘साक्षीदार’ १९६९ साली पुरा झाला. बांधावरच्या एका साध्या राखणदाराला खोट्या साक्षीसाठी उभे करणाऱ्या राजवटीची ती थट्टा होती. चित्रपट नष्ट केला गेला नाही. सुमारे दहा वर्षे नुसता ठेवून दिला गेला. तेथे निदान खाती ठाऊक होती. आपल्याकडे एकच चित्रपट पाठबळाच्या खात्यातून, कोणी काही न बोलता, मनाईच्या खात्यात जातो.

आणि हे घडले त्याच १९८९ साली, मद्रासमध्येच उद्भवलेल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळी वाट दाखविली होती. राखीव जागांच्या धोरणावर टीका करणाऱ्या ‘ओरे ओरु ग्रामत्तिले’ या तमिळ चित्रपटाचे प्रमाणपत्र मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केले होते. तो निर्णय फिरविताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निदर्शनांच्या वा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दडपता येत नाही. तिचे संरक्षण करणे हे शासनाचे कर्तव्य असून, विरोधकांना आवरण्याची असमर्थता ही सबब होऊ शकत नाही.

आमचे बहुसंख्य वाचक शासनाचेच सेवक आहेत, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहिले. नकाराखाली सही असते, कारण नोंदलेले असते, त्यावर दाद मागता येते. ‘तूर्त नको’ या शेऱ्यावर दाद कोठे मागावी? त्या शेऱ्याने कोणाचे वाईट केल्याचे वाटत नाही, हाच त्याचा मोठा धोका. अब्राहम १९८७ साली वारले. त्यांचा अखेरचा ‘अम्मा अरियान’ (१९८६) हा चित्रपट त्यांनी आपल्या ‘ओडेसा’ मंडळामार्फत लोकांकडून वर्गणी गोळा करून काढला होता. आज त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्या आदराबरोबर त्यांचे चित्रपट पाहिलेही जावेत. एरवी अग्रहारातल्या देवळात आणि आपल्या आदरात फारसा फरक उरणार नाही.