मठाच्या दप्तरातलं घराणं : क्लुनीची दानपत्रं आणि ग्रोस्सी कुटुंब

आजचा विषय फ्रान्समधल्या बर्गंडीचा, आणि काळ हजार वर्षांपूर्वीचा. प्रश्न मात्र साधा आहे. ज्या घराण्याने स्वतःबद्दल काही लिहून ठेवलं नाही, त्याचा इतिहास शेजारच्या मठाच्या दप्तरातून लिहिता येतो का? येतो, असं दाखवणारी काही फार चांगली पुस्तकं आहेत. ती आम्हाला आवडतात, आणि तरी त्यांच्याशी आमचं थोडं भांडण आहे.

आधी दप्तर बघू. क्लुनीचा मठ ९१० मध्ये (काहींच्या मते ९०९ मध्ये) आक्विटेनचा ड्यूक विल्यम याने स्थापन केला. पुढे आसपासच्या लोकांनी मठाला शेतं, द्राक्षमळे, चर्चं, कधी कधी जमिनीबरोबर त्यावरची माणसंसुद्धा दान दिली. ११व्या शतकात मठवासीयांनी ही दानपत्रं नकलवह्यांत उतरवली, तीही मठाधिपतींच्या कारकिर्दीप्रमाणे लावून. म्हणजे घड्याळ मठाचं. कुठल्याही घराण्याच्या पिढ्या त्यात मोजलेल्या नाहीत. फ्रेंच राज्यक्रांतीत मूळ कागदांची बरीच नासधूस झाली. त्याआधी लांबेर द बारिव नावाच्या वकिलाने वर्षानुवर्षं बसून नकला केल्या होत्या, म्हणून पुष्कळ वाचलं. बेर्नार आणि ब्र्यूएल यांनी १८७६ ते १९०३ या काळात हे सगळं सहा खंडांत छापलं. साडेपाच हजारांच्या आसपास दस्त! त्या काळच्या युरोपसाठी ही चैनच म्हणायची.

आता यात घराणं शोधायचं कसं? माणसाला नाव एकच, आडनाव नाही. कागदावर ‘बर्नार’ लिहिलंय, पण कुठला बर्नार? मग अभ्यासक तीन धागे धरतात: नाव, जमीन आणि साक्षीदार. उक्सेल आणि ब्रांसियाँ इथले गडकरी बघा. त्यांच्यात बर्नार आणि जोसराँ ही नावं पिढ्यानपिढ्या फिरत राहतात. पुढे त्यांना ‘ग्रोस्सुस’ हे उपनाव चिकटलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ जाडा, धिप्पाड. बहुधा कुणा एकाचं टोपणनाव असणार, ते सगळ्या कुळाचं झालं. इतिहासकार त्यांना ग्रोस्सी म्हणतात.

इथेच एक खोच आहे. नाव सारखं म्हणून माणूस याच घराण्यातला धरायचा, आणि मग सांगायचं की या घराण्यात नावं बापाकडून येतात. हे गोल गोल फिरणं झालं. नावं आईच्या माहेराकडूनही येत. असा मुलगा आपण तक्त्यातून नकळत गाळतो, आणि तक्ता अगदी नीटनेटका दिसायला लागतो. कुलवृत्तांत वाचून तयार झालेल्या आपल्या डोळ्यांना तर तो फारच ओळखीचा वाटतो.

जॉर्ज द्यूबी यांनी १९५३ मध्ये याच माकों परिसरावर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे जर्मन इतिहासकार कार्ल श्मिड यांच्या मांडणीचा आधार घेऊन त्यांनी म्हटलं, की सन १००० च्या सुमारास सरदारांचं कुटुंब बदललं. आधी आईकडचे, बापाकडचे, सासरचे असा ऐसपैस गोतावळा होता. मग एक गड, एक वारस, बापाकडून मुलाकडे जाणारी सरळ रेष. मांडणी देखणी आहे. कॉन्स्टन्स बुशार्ड यांनी १९८० च्या दशकात तिला हरकत घेतली: बापाकडून चालणारी रेष आधीही होती, एकदम क्रांती झालीच नाही. दोमिनिक बार्थेलेमी यांनी तर प्रश्न कागदावरच नेला. समाज बदलला, की कागद लिहायची पद्धत बदलली?

आम्ही बार्थेलेमींच्या बाजूचे. १०व्या शतकातलं दानपत्र ठरावीक साच्याचं असतं: मी अमुक, माझ्या आत्म्याच्या कल्याणासाठी, अमुक गावातली जमीन, चतुःसीमा, साक्षीदार. ११व्या शतकात लेखक जास्त मोकळेपणाने हकिकत लिहू लागतात. भांडण कसं झालं, कोण नाराज होतं, कुणाची संमती घेतली. आणि गंमत बघा. घराणं आकुंचलं असं जे शतक म्हणायचं, त्याच शतकाच्या कागदांवर बायको, भाऊ, बहिणी, पुतणे यांची गर्दी दिसते.

बार्बरा रोझेनवाइन यांचं १९८९ चं पुस्तक या गर्दीकडे नीट बघतं. एकच जमीन बाप दान देतो, मुलगा तिच्यावर दावा लावतो, मग मठाकडून काही घेऊन हक्क सोडतो, आणि नातू पुन्हा तीच जमीन दान देतो. आपण याला लबाडी म्हणू. रोझेनवाइन म्हणतात, जमीन हे नातं जिवंत ठेवण्याचं साधन होतं. संत पीटरचे शेजारी राहायचं तर देवाणघेवाण चालूच ठेवायला हवी. हे वाचल्यावर दानपत्रांकडे पुन्हा जुन्या नजरेने बघता येत नाही.

पण आमची तक्रार उरते. ज्याने दान दिलं नाही आणि भांडणही केलं नाही, तो या दप्तरात जन्मलाच नाही. धाकटी मुलगी, जिचा वाटा हुंडा म्हणून आधीच निघाला आणि जिची संमती कुणाला लागली नाही, ती कुठे? नकलवहीत दस्त उतरवताना लेखक कंटाळून साक्षीदारांची यादी गाळतो, तेव्हा असे पाच-सहा नातेवाईक एका फटक्यात जातात. वंशवृक्षात ‘निःसंतान’ असं छापलेलं दिसतं, तेव्हा त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की मठाला त्याच्या मुलांशी काम पडलं नाही. हा शब्द तक्त्यात इतक्या सहज लिहू नये, असं आम्हाला वाटतं.

याच ग्रोस्सींमधला एक माणूस योगायोगाने दप्तराबाहेर सापडतो. ज्वाँविल याने सेंट लुईच्या धर्मयुद्धाच्या आठवणी लिहिल्या, त्यात त्याचा नातलग जोसराँ द ब्रांसियाँ येतो. छत्तीस लढाया-चकमकी पाहिलेला हा म्हातारा वेदीपुढे गुडघे टेकून मागतो, की ख्रिस्ती लोकांमधल्या आपसातल्या लढायांतून मला सोडव आणि तुझ्या सेवेत मरण दे. १२५० मध्ये इजिप्तमधल्या मन्सुराच्या मोहिमेत त्याला ते मिळालं. क्लुनीच्या साडेपाच हजार दस्तांत कुठल्याही जोसराँचा असा आवाज नाही. तिथे तो देतो, सोडतो, साक्ष देतो. नऊ वर्षांनी, १२५९ मध्ये, त्याच्या मुलाने ब्रांसियाँचा गड बर्गंडीच्या ड्यूकला विकला.