वाडीचे नाव

वृत्तपत्रात लिहू लागलेल्या आपल्या तरुणांना तीन उपदेश हमखास ऐकावे लागतात. सोपे लिहा, थोडक्यात लिहा, वाचकाला दुखवू नका. पहिले दोन मला मान्य आहेत. तिसऱ्याशी माझे भांडण आहे.

माझा पहिला लेख रत्नागिरीतल्या एका साप्ताहिकाने छापला, तेव्हा मी अंक घेऊन गावभर हिंडलो. वाचला मात्र रात्री. मी लिहिले होते 'बौद्धवाडीची विहीर'. छापून आले होते 'गावाबाहेरची विहीर'. बाकी वाक्ये सुधारली होती, हे कबूल केले पाहिजे. पण नळ तिथवर का पोचला नाही, याचे उत्तर त्या गाळलेल्या शब्दातच होते. पुढे मागणी आली ती आंब्यावरच्या आणि समुद्रावरच्या लेखांची. (समुद्र आम्हांलाही आवडतो.)

हे लेखन शिकण्यासाठी मी गोपाळबाबा वलंगकरांकडे वळलो. लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत राहिलेला हा माणूस 'दीनबंधू'त लिहीत होता. १८८८ च्या 'विटाळ विध्वंसना'त त्यांनी आक्रोश केला नाही, सवर्णांना प्रश्न विचारले. प्रश्नाची गंमत अशी, की तो वाचून संपला तरी वाचकाच्या मानेवर बसून राहतो. उपसंपादकाला त्यातून शब्द काढायचा तर प्रश्नच मोडावा लागतो.

बाबासाहेबांचे घराणे याच जिल्ह्यातल्या आंबडव्याचे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. रत्नागिरीत जन्मलेले टिळक तेव्हा हयात होते. १९२७ साली सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारता'त बाबासाहेब प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडतात, मग एकेक दुवा तोडतात. अंकाचे रकानेच्या रकाने एकट्याने लिहावे लागत असतानाही त्या गद्यात घाई दिसत नाही.

आपल्या लेखनात मात्र ती दिसते. संताप खरा असतो, पण आपण त्याच्यावर विशेषणांची रास घालतो. मग गाळणाऱ्याचे काम आपणच सोपे करतो, कारण विशेषणांबरोबर तपशीलही जातो.

गेल्या महिन्यात एका मुलीने मला लेख दाखवला. मी सात विशेषणे खोडली. वाडीचे नाव तिने शेवटच्या परिच्छेदात घातले होते. ते पहिल्या वाक्यात आण, म्हणून सांगितले. ती म्हणाली, "मग छापतील का?"

लेख पाठवला आहे.