उद्याची डागडुजी

भविष्यकाळ जुना झाला तर त्याचे काय करायचे, हा प्रश्न वाङ्मयात फारसा अडत नाही. जुनी विज्ञानकथा आपण तिच्या काळासकट वाचतो. तिच्यातली चुकलेली भाकिते कुणी नव्या आवृत्तीत दुरुस्त करत नाही. पण भविष्य सिमेंट-पोलादाने उभे केलेले असेल आणि लोक तिकीट काढून त्यात हिंडत असतील, तर मालकाला दर काही वर्षांनी ठरवावेच लागते: पाडायचे, रंगवायचे की तसेच ठेवायचे? कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथील डिस्नेलँडमधला ‘टुमारोलँड’ हा विभाग सत्तर वर्षे याच पेचात आहे. त्याचे रूप पुनःपुन्हा ताजे करण्याचे जे प्रयत्न झाले, ते मी इथे तपासणार आहे. विशेषतः १९९८ चा. तो फसला हे सर्वमान्य आहे; मात्र त्याची जी कारणे सांगितली जातात ती मला पटत नाहीत.

१७ जुलै १९५५ रोजी उद्यान उघडले तेव्हा टुमारोलँड हा त्यातला सर्वांत अपुरा भाग होता. पैसे आणि वेळ दोन्ही संपत आले होते, म्हणून रिकाम्या जागा कंपन्यांना देण्यात आल्या. मोन्सँटोने रसायनांचे दालन मांडले, कैसरने ॲल्युमिनियमचे; पुढच्या वर्षी क्रेन कंपनीने चक्क भविष्यातले न्हाणीघर उभारले. उघडउघड जाहिरातबाजी. तरीही या विभागाची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्याने साल सांगितले होते. हॅलेचा धूमकेतू परतणार ते १९८६ इथे दाखवले आहे, असा दावा होता. साल सांगणारा माणूस खोटा पडू शकतो, आणि तो धोका पत्करल्यामुळेच त्याच्या म्हणण्याला वजन येते. १९५७ साली मोन्सँटोने तिथे प्लॅस्टिकचे ‘भविष्यातील घर’ बांधले. दहा वर्षांनी ते शिळे ठरले आणि पाडायला घेतले, तर तोडकामाचा लोखंडी गोळा भिंतीवर आपटून उसळू लागला. शेवटी ते तुकड्यातुकड्यांनी मोडून काढावे लागले. घरातला माल टिकाऊ निघाला, भाकीत तेवढे टिकले नाही.

१९५९ मध्ये मोनोरेल आली. जर्मनीतल्या अल्वेग कंपनीच्या तंत्रावरची, एकाच तुळईवर मांड ठोकून धावणारी. (त्याच जातीची गाडी २०१४ मध्ये चेंबूर-वडाळा मार्गावर सुरू झाली, तेव्हा तीही आपल्याला भविष्य म्हणूनच दाखवली गेली होती. पंचावन्न वर्षे हे भविष्य कुठे रेंगाळले होते, हा वेगळ्या लेखाचा विषय.)

खरे नूतनीकरण झाले ते १९६७ साली. वॉल्ट डिस्ने डिसेंबर १९६६ मध्ये वारले होते, पण आखणी त्यांच्या हयातीतली. पांढऱ्या इमारती, आणि त्यांच्यात सतत काही ना काही हलणारे: उंचावर फिरणारी रॉकेटे, गोल फिरणारे नाट्यगृह, आणि या सगळ्यांतून वाट काढत संथपणे जाणारा ‘पीपलमूव्हर’. या गाडीच्या डब्यांत इंजिन नव्हते. मार्गातच ठरावीक अंतराने बसवलेली, मोटारीने फिरणारी रबरी चाके तिला पुढे ढकलत. गाडी थांबत नसे. फिरत्या फलाटावरून माणसे चालत्या डब्यात चढत. डिस्नेंना ही यंत्रणा करमणुकीपुरती नको होती. फ्लोरिडात जे शहर वसवायचे त्यांच्या मनात होते, त्याची अंतर्गत वाहतूक तिच्यावर चालायची होती. म्हणजे टुमारोलँडमध्ये बसणारा प्रवासी एका प्रयोगात बसत होता.

या आवृत्तीलाही वय चुकले नाही. चंद्रावरची काल्पनिक सफर नव्याने सजवून दोन वर्षे होतात न होतात तोच माणूस खरोखर चंद्रावर उतरला. १९७५ मध्ये तीच इमारत, तशीच बैठक ठेवून सफर मंगळावर नेण्यात आली. ही युक्ती हास्यास्पद आहे, पण तिच्यात निदान पुढे पाहण्याची धडपड दिसते.

आता १९९८. तोवर पॅरिसच्या डिस्नेलँडमध्ये १९९२ पासून ‘डिस्कव्हरीलँड’ उभे होते. तिथे भविष्य दाखवले होते ते ज्यूल व्हर्नच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या नजरेतून. फ्रान्समध्ये फ्रेंच लेखकाच्या स्वप्नाचे दर्शन घडवणे यात औचित्य होते; १९९५ साली तिथे आलेली अंतराळसफरही व्हर्नच्या चंद्रकथेवर बेतलेली, बाहेर तोफेसकट. ॲनाहाइमने यातून उचलला तो रंग. तांबूस, कांस्यवर्णी, सोनेरी छटा पांढऱ्या इमारतींवर चढल्या, पांढऱ्या ‘स्पेस माउंटन’सह. वाफ्यांत खाण्याजोगी झाडे लावली. ही कल्पना मला मनापासून आवडते. उंचावरची रॉकेटे मात्र खाली, प्रवेशद्वाराशी आणली. आणि १९९५ मध्ये बंद केलेल्या पीपलमूव्हरच्या मार्गावर ‘रॉकेट रॉड्स’ नावाच्या वेगवान गाड्या सोडल्या. मार्ग आखला होता संथ गाडीसाठी. वळणांना वेगाला लागणारा उतार नव्हता, तो देण्याइतका पैसा मंजूर झाला नाही. परिणामी गाडीला सरळ रस्त्यावर सुसाट सुटून प्रत्येक वळणावर करकचून वेग कमी करावा लागे. टायर झिजत, बिघाड होत. दोन वर्षांत, २००० साली, ती बंद पडली ती कायमची.

बहुतेक टीका रंगावर होते: तांबूस रंग मलूल दिसला, कॅलिफोर्नियाच्या उन्हाला साजला नाही. रंग वाईट होता हे मलाही मान्य आहे, आणि पुढच्या काही वर्षांत स्पेस माउंटन पुन्हा पांढरे झालेच. पण चांगला रंग लावला असता तर हा विभाग वाचला असता का? मला तसे वाटत नाही. १९९८ च्या योजनेमागचा विचार असा की, भविष्य लवकर जुने होते, तर आधीच जुने झालेले भविष्य मांडावे. ते आणखी काय जुने होणार? मराठीत ‘परवा’ हा शब्द मागेही जातो आणि पुढेही. त्या वर्षी उद्याची जागा या परवाने घेतली. ही शक्कल हुशार आहे, पण तिची किंमत अशी की, कोणताच दावा उरत नाही. व्हर्नने स्वतः त्याच्या काळात दावे केले होते; त्याची नक्कल करणाऱ्यांनी फक्त त्याचे पितळ उचलले.

याचा अर्थ १९६७ चे सगळे जसेच्या तसे परत आणावे असा नाही. तशी मागणी करणारे चाहते पुष्कळ आहेत आणि त्यांच्या हळवेपणाबद्दल मला थोडी धास्तीच वाटते. रसायन कंपनीच्या पैशाने दाखवलेल्या उद्याबद्दल आज निरागस राहता येत नाही. शिवाय २००५ मध्ये बझ लाइटइयर आणि २००७ मध्ये पाणबुड्यांत निमो आल्यावर प्रश्नच बदलला. आता या विभागात भविष्य नसून, यंत्रे किंवा अंतराळ असलेल्या चित्रपटांची पात्रे आहेत. पाणबुडीतून कार्टूनमधला मासा बघायला मुलांना मजा येते, येवो. पण मग नाव ‘टुमारोलँड’ कशासाठी?

फ्लोरिडातल्या उद्यानाशी तुलना केली की माझा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. तिथेही १९९४ साली ‘कधीच न आलेले भविष्य’ या कल्पनेवर धातूचे पत्रे आणि दातेरी चक्रे चढवली गेली होती. अलीकडे त्यातले बरेचसे नुसते काढून टाकले, खालच्या मूळ रेषा मोकळ्या केल्या, रंग दिला, आणि जागा टवटवीत दिसू लागली. इतक्या थोड्यात हे भागले, कारण तिथला १९७५ चा पीपलमूव्हर आजही डोक्यावरून फिरतो आहे. ॲनाहाइममध्ये मार्गाची तुळई तशीच आहे, वाकत-वळत इमारतींच्या मधून जाणारी, पंचवीस वर्षे रिकामी. तिच्या खांबांना अधूनमधून नवा रंग लागतो. पुढच्या नूतनीकरणाचा आराखडा हाती आला तर मी रंगसंगतीचे पान उलटून आधी या तुळईचे काय ठरले आहे ते पाहीन.